बारा तक्ते आणि एक भिंत: हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासाचा भित्तितक्ता-संच वर्षभर वापरल्यानंतर

सांगलीत माझ्या गायनवर्गात अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणारी वीस-बावीस मुले येतात. त्यांतली बहुतेक अकरा ते सोळा वर्षांची आहेत आणि गाण्यात त्यांना गोडी आहे. पण लेखी परीक्षा जवळ आली, की संगीतकारांची जीवनचरित्रे, घराणी आणि ग्रंथ यांचे पाठांतर सुरू होते आणि पेपर संपल्यावर आठवडाभरात ते पुसलेही जाते. जन्म अमुक साली, गुरू अमुक, ग्रंथ अमुक, मृत्यू अमुक साली, या चार ओळींच्या पलीकडे इतिहास नावाची काही गोष्ट असते, हे मुलांच्या लक्षात यावे म्हणून गेल्या जूनमध्ये पुण्याला अप्पा बळवंत चौकातून मी बारा भित्तितक्त्यांचा एक संच विकत घेतला. किंमत दोन हजार चारशे रुपये. प्रकाशकाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण घेण्यापूर्वी असे तीन संच चाळून पाहिले होते आणि थोड्याफार फरकाने सर्वांचे गुणदोष सारखेच होते. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते कोणताही असा संच घेणाऱ्याला उपयोगी पडावे.

आधी बाह्यरूप. प्रत्येक तक्ता वीस इंच रुंद आणि तीस इंच उंच आहे, कागद जाड आहे, वरच्या कडेला अडकवण्यासाठी धातूचे दोन छल्ले आहेत. मजकूर मराठीत आहे आणि ठळक अक्षरे आठ-नऊ फुटांवरून स्वच्छ वाचता येतात. लॅमिनेशन मात्र चकचकीत आणि फक्त पुढच्या बाजूला केलेले आहे, त्यामुळे दोन अडचणी आल्या. ट्यूबलाइटच्या समोरच्या भिंतीवर तक्ता लावला, की मधोमध उजेडाचा पांढरा पट्टा दिसतो आणि खाली सतरंजीवर बसलेल्या मुलांना नेमका मधला मजकूर वाचता येत नाही. दुसरे म्हणजे पावसाळ्यात मागचा उघडा कागद ओल धरतो, पुढचे प्लास्टिक धरत नाही, आणि जुलैअखेरीस सगळे तक्ते कडांनी पापडासारखे वळू लागले. शेवटी खालच्या कडेला बांबूची पट्टी चिकटवली तेव्हा ते सरळ राहिले.

संचातील सर्वांत महत्त्वाचा, आणि माझ्या मते सर्वांत फसलेला, तक्ता कालरेषेचा आहे. भरतमुनी, मतंग, शार्ङ्गदेव, अमीर खुस्रो, राजा मानसिंह तोमर, तानसेन, सदारंग, भातखंडे, पलुस्कर अशी नावे सारख्या आकाराच्या चौकटींत, सारख्या अंतरावर, डावीकडून उजवीकडे मांडली आहेत. रंगसंगती सुरेख आहे. परंतु भरतमुनींचे ‘नाट्यशास्त्र’ आणि शार्ङ्गदेवाचे ‘संगीत रत्नाकर’ यांच्यामध्ये हजाराहून अधिक वर्षे गेली, तर भातखंडे आणि पलुस्कर यांच्या जन्मांत केवळ बारा वर्षांचे अंतर आहे, आणि तक्त्यावर मात्र अंतर दोन्हीकडे वीतभरही नाही. कालरेषेने जी एकच गोष्ट सांगायची असते तीच येथे हरवलेली आहे. वर्गातल्या एका मुलाने या तक्त्याकडे पाहून मला सरळ विचारले, “ताई, म्हणजे सदारंग आणि भातखंडे एकमेकांना ओळखत असतील ना?” सदारंग हे अठराव्या शतकात दिल्लीच्या मुहंमदशहाच्या दरबारातले, आणि भातखंड्यांचा जन्म १८६०चा. मुलाची चूक काहीच नव्हती. चौकटी शेजारीशेजारी होत्या, आणि शेजाऱ्यांची ओळख असणारच.

त्यानंतर आम्ही तोच तक्ता कच्चा माल म्हणून वापरला. दहा वर्षांना एक इंच असे प्रमाण ठरवून वर्गाच्या लांब भिंतीवर सुतळी बांधली. तेराव्या शतकापासून आजपर्यंतचा काळ सुमारे सात फुटांत बसला. ‘नाट्यशास्त्र’ मात्र मोजत गेल्यावर कोपरा ओलांडून शेजारच्या भिंतीवर, खिडकीच्याही पलीकडे गेले. मधली मोकळी भिंत पाहून मुले जरा गप्प झाली. मग प्रत्येक कलावंताच्या आयुष्याएवढी रंगीत पट्टी कापली. अल्लादिया खाँ १८५५ ते १९४६, म्हणजे नऊ इंचांहून थोडी अधिक. विष्णु नारायण भातखंडे १८६० ते १९३६, साडेसात इंच. अब्दुल करीम खाँ १८७२ ते १९३७, साडेसहा. आणि विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ ते १९३१, सहाला किंचित कमी. या चार पट्ट्या एकाखाली एक लागल्यावर जे दिसले ते मला स्वतःलाही इतक्या वर्षांच्या शिकवण्यात असे डोळ्यांनी दिसले नव्हते. ज्यांची चरित्रे आपण चार वेगवेगळ्या धड्यांत पाठ करून घेतो, ती चारही माणसे जवळपास साठ वर्षे एकाच वेळी हयात होती, आणि त्यांतल्या दोघांचा तर जन्मही एकाच वर्षातला.

त्याच सुतळीवर १९०२च्या जागी आम्ही एक लाल दोरा उभा सोडला. त्या वर्षी कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले आणि भारतात ग्रामोफोनच्या तबकड्यांचा काळ सुरू झाला. दोऱ्याच्या डावीकडच्या कोणाचाही आवाज आपल्याला ऐकता येणार नाही, तानसेनाचा नाही, सदारंगांचाही नाही, उजवीकडच्यांचा येऊ शकेल, एवढे सांगितल्यावर पुढचा तास मुलांनीच चालवला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या आम्ही ऐकल्या. अल्लादिया खाँसाहेबांची पट्टी जवळजवळ निम्मी लाल दोऱ्याच्या उजवीकडे येते, तरी त्यांचे ध्वनिमुद्रण नाही, हे कळल्यावर मग त्यांचे गाणे कुठून ऐकायचे, असा प्रश्न आपोआप आला, आणि त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्या पट्ट्या कापाव्या लागल्या. केसरबाईंची भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली आणि त्याच वर्षी केसरबाई गेल्या. त्या पट्टीच्या टोकाला एका मुलीने यानाचे छोटे चित्र काढून चिकटवले आहे, ते अजून आहे. छापील संचात यातले काही नाही. ध्वनिमुद्रणाचा उल्लेखच बारा तक्त्यांत कुठे नाही, आणि संगीताचा इतिहास सांगणाऱ्या वस्तूत ही उणीव मला फार मोठी वाटते.

व्यक्तिचित्रांचे पाच तक्ते हा संचातील सर्वांत कमजोर भाग. चोवीस चित्रे आहेत, त्यांत स्त्रिया तीन. हिराबाई बडोदेकर नाहीत, मोगूबाई नाहीत, ज्यांच्याविषयी मिरजेच्या आसपासच्या मुलांनी आजी-आजोबांकडून ऐकलेले असते त्या गंगूबाई हनगलही नाहीत. त्याहून मोठा आक्षेप असा, की छायाचित्रावरून केलेली चित्रे आणि निव्वळ कल्पनेने रंगवलेली चित्रे यांत कोणताही भेद दाखवलेला नाही. दाढीधारी भरतमुनी, मांडीवर तंबोरा घेतलेला गुटगुटीत तानसेन आणि फेटा बांधलेले अब्दुल करीम खाँ हे तिघेही एकाच चित्रकाराने एकाच गुळगुळीत रंगांत काढले आहेत. “तानसेनाचा फोटो कोणी काढला?” हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. मुघल काळातले तानसेनाचे एक लघुचित्र दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ते छापले असते तर काळ, पोशाख आणि चित्रकलेची शैली या तिन्हींवर बोलता आले असते. निदान ‘काल्पनिक चित्र’ एवढे दोन शब्द खाली छापायला खर्च आला नसता.

अमीर खुस्रोच्या चित्राखाली तर ‘सतार आणि तबला या वाद्यांचे जनक’ असे ठणकावून छापले आहे. खुस्रोचा मृत्यू १३२५चा. ही दोन्ही वाद्ये आज आपण ओळखतो त्या नावारूपाने अठराव्या शतकात पुढे येतात. मार्गदर्शक पुस्तकांत ही आख्यायिका वर्षानुवर्षे छापली जाते हे मला माहीत आहे, पण पुस्तकातली ओळ पान उलटल्यावर नजरेआड होते; भिंतीवरची रोज दिसते. त्या ओळीवर मी कागदाची पट्टी चिकटवली, तर आता पाहुणे मुलेसुद्धा पट्टी उचलून खाली काय लिहिले आहे ते आधी वाचतात!

घराण्यांचा नकाशा मात्र मी आवडीने वापरते, जरी तो अर्धवट आहे. भारताच्या नकाशावर ग्वाल्हेर, आग्रा, किराणा, जयपूर-अत्रौली, पतियाळा असे रंगीत ठिपके आहेत आणि प्रत्येक ठिपक्यापाशी दोन-तीन नावे आहेत. घराण्याचे नाव एका गावाचे आणि बिऱ्हाड दुसऱ्याच गावात, ही तर आपल्या भागातल्या गाण्याची सगळी गंमत आहे, आणि ठिपक्यांनी ती सांगता येत नाही. किराणा घराण्याचे गाव कैराना उत्तर प्रदेशात. पण अब्दुल करीम खाँसाहेब राहिले मिरजेत, त्यांची कबरही मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे, आणि त्यांची गायकी पुढे त्यांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडून भीमसेन जोशी आणि गंगूबाईंपर्यंत गेली ती धारवाड-हुबळीच्या बाजूला. अत्रौली अलीगढजवळ, पण अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या कोल्हापुरात आणि पुढे मुंबईत राहिले. ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इकडे घेऊन आले, मिरजेत पलुस्करांना शिकवले, आणि पलुस्करांनी १९०१मध्ये थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. हे सगळे बाणांनी दाखवायला हवे होते.

छापील नकाशावर मिरज नाहीच. सांगलीच्या मुलांना, ज्यांची गाणे शिकलेली आजी मिरजेची असते आणि ज्यांचा तंबोरा मिरजेत बनलेला असतो, हे सहन होणे शक्य नव्हते. एका मुलाने वहीवरची लाल टिकली काढून कोल्हापूरच्या उजवीकडे अंदाजाने लावली. दुसऱ्याने ती जरा जास्त खाली, जवळजवळ बेळगावात गेली आहे असा आक्षेप घेतला. मग भूगोलाचे पुस्तक आले, टिकली सरकली आणि तिथून लोकरीच्या धाग्यांनी कैराना, ग्वाल्हेर, लाहोर, धारवाड अशी गावे जोडली गेली. जाताना लाहोरचा धागा नकाशाच्या चौकटीबाहेर भिंतीवर न्यावा लागला, कारण नकाशा आजच्या सीमेपर्यंतच छापलेला आहे. लाहोर आपल्या संगीताच्या नकाशाबाहेर का, यावर मला दहा मिनिटे बोलावे लागले, आणि ती दहा मिनिटे वर्षभरातल्या चांगल्या तासांपैकी होती.

ज्या तक्त्यासाठी मी हा संच पुन्हाही घेईन तो रागमालाचित्रांचा आहे. सहा लघुचित्रे स्वच्छ छापली आहेत, त्यांत दख्खनी शैलीची दोन आहेत, आणि तोडीचे ते प्रसिद्ध दृश्य आहे: रानात वीणा घेऊन उभी असलेली एकटी स्त्री आणि तिच्याभोवती जमलेली हरणे. मुले या तक्त्यासमोर सर्वांत जास्त रेंगाळतात. खाली राग-रागिणी पद्धतीची थोडक्यात ओळख आहे: भैरव, मालकंस, हिंडोल, दीपक, श्री आणि मेघ हे सहा पुरुष राग, आणि प्रत्येकाच्या रागिण्या. हा तक्ता मी हेतुपुरस्सर भातखंड्यांच्या दहा थाटांच्या तक्त्याशेजारी लावला. रागांची मांडणी करण्याच्या दोन निरनिराळ्या रीती त्यामुळे एका नजरेत येतात: एकीकडे कुटुंब, रूप आणि ऋतू, दुसरीकडे बिलावल, कल्याण, खमाज अशा दहा स्वरसमूहांचे कप्पे. पहिली रीत सोडून भातखंडे दुसरीकडे का वळले, हे समजावून सांगताना एरवी माझी दमछाक होत असे. येथे मुलांनीच सांगितले, की चित्रातल्या बाईंवरून कोणते स्वर लावायचे ते कळत नाही.

प्रकाशकाने थाटांच्या तक्त्याला ‘प्राचीन भारतीय थाटपद्धती’ असे शीर्षक दिले आहे, ते बदलायला हवे. दहा थाटांची ही मांडणी भातखंड्यांची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. तिला प्राचीन म्हटल्याने तिचा मान वाढत नाही, भातखंड्यांचे श्रम मात्र दिसेनासे होतात. तक्त्यावर प्रत्येक थाटाखाली चार रागांचे आरोह, म्हणजे चढते स्वर, रंगीत ठिपक्यांनी दाखवले आहेत, आणि तिथे अशी एक जागा आहे की जिच्यासाठी मी प्रकाशकाचे आभारच मानले असते, जर ती त्याने समजून केली असती. कल्याण थाटाखाली भूप आहे, बिलावल थाटाखाली देशकार आहे, आणि दोन्हींचे ठिपके हुबेहूब सारखे: सा, रे, ग, प, ध, सा. वर्गातल्या सर्वांत लहान मुलीने छापताना चूक झाली आहे असे ठामपणे सांगितले. मी तंबोरा लावला, आधी गंधारावर विसावत भूप गायला आणि मग धैवताला उचलून, वरच्या अंगाने देशकार. तिने पुन्हा तक्त्याकडे पाहिले आणि विचारले, “मग इथे ठिपके वेगळे का नाहीत?” भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार आणि देशकाराचा धैवत, हे तिने त्या दिवशी वहीत लिहिले, ठिपका मोठा काढून वादी दाखवण्याची कल्पनाही तिचीच, आणि आता आमच्या तक्त्यावर काळ्या पेनने ते मोठे ठिपके आहेत.

उरलेल्यांबद्दल थोडक्यात. तंबोऱ्याच्या तक्त्यात भोपळा, घोडी, मणी, खुंट्या, जवारी हे शब्द अचूक आहेत आणि आकृती उत्तम आहे. तो तक्ता पाहून झाल्यावर मुलांना मिरजेच्या एका कारागिराकडे नेले, तेव्हा घोडीवर तारेखाली असलेला जवारीचा दोरा किंचित सरकवला की आवाज कसा उघडतो हे त्यांनी कानांनी ऐकले. रागांच्या वेळांचे चक्र रंगीत आहे, पण त्यात रागांची इतकी दाटी झाली आहे की जवळ जाऊनही वाचता येत नाही. गुरुशिष्य परंपरेचा वंशवृक्ष हा खरे तर फार कामाचा तक्ता झाला असता. अक्षरे मुंगीएवढी असल्याने तो भिंतीवर नव्हे तर हातात धरूनच वाचावा लागतो. प्रत्येक तक्त्याच्या कोपऱ्यात मोबाइलने टिपायचा चौकोनी कोड आहे आणि त्यातून गाणे ऐकू येईल अशी जाहिरात होती. बारापैकी सात कोड काहीच उघडत नाहीत आणि दोन भलत्याच जाहिरातींकडे नेतात. जे काम तक्त्याला स्वतःला जमत नाही ते करण्यासाठी ही सोय होती, म्हणून तिचे बिघडणे अधिक लागते.

शिवाय एक ढोबळ चूक आहे. गांधर्व महाविद्यालयाची स्थापना ‘१९०१, मुंबई’ अशी छापली आहे. मुंबईची शाखा १९०८ची. पहिले विद्यालय लाहोरचे. वर्गातल्या दोन मुलांनी चाचणीत तसेच लिहिले आणि गुण कापल्यावर भिंतीकडे बोट दाखवले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. प्रकाशकाला दूरध्वनी केला. पलीकडचे गृहस्थ नम्रपणे बोलले, पुढच्या आवृत्तीत पाहू म्हणाले, आणि दुरुस्तीची चिठ्ठी पाठवण्याची विनंती केल्यावर तशी पद्धत नाही असेही तितक्याच नम्रपणे म्हणाले.

पाचपैकी अडीच गुण द्यावेत असा हा संच आहे, आणि त्यातला एक पूर्ण गुण एकट्या रागमालेचा. तक्ते सुटे मिळत असतील तर रागमाला, थाट, नकाशा आणि तंबोरा हे चार घ्यावेत. कालरेषा सुतळी, रंगीत कागद आणि मोजपट्टी घेऊन मुलांकडूनच करून घ्यावी, त्याला शंभर रुपयेही लागत नाहीत. ज्या शाळांत मोठा पडदा आहे तिथे हेच सारे पडद्यावर दाखवता येईल असे कोणी म्हणेल, पण पडद्यावरचे चित्र तास संपला की जाते, आणि आमच्या मुलांचे बरेचसे प्रश्न तासाच्या आधी, चपला काढता काढता, भिंतीकडे पाहून सुचलेले आहेत.

व्यक्तिचित्रांचे पाच तक्ते मी दिवाळीनंतर उतरवले. मागची बाजू कोरी असल्याने ती मार्करची शाई चांगली घेते. तानसेनाच्या पाठीवर सध्या सांगली-मिरजेचा मोठा नकाशा तयार होत आहे, त्यात दर्गा, तंबोऱ्यांच्या दुकानांची गल्ली आणि मुलांच्या चौकशीतून सापडलेली, पूर्वी जिथे गाणे होत असे अशी तीन घरे आली आहेत. चौथ्या घराबद्दल दोन आज्यांचे एकमत होत नाही, म्हणून ती जागा पेन्सिलने रेखून ठेवली आहे.